कट फसला, पण बखर जिंकली
(आरोंदा येथें झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी निवडलेला नाहीं. तो एका दहा-अकरा वर्षांच्या मुलानें निवडला आहे. २०२५ सालच्या फेब्रुवारींत संभाजी महाराजांवर 'छावा' नांवाचा बोलपट निघाला, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. तो पाहून लोक रडले, घोषणा देत बाहेर पडले. त्यांत फितूर म्हणून दाखविलेल्या घराण्याच्या वंशजांनीं हरकत घेतली व दिग्दर्शकानें दिलगिरीही व्यक्त केली. वर्तमानपत्रांपुरतें तें प्रकरण तेथें मिटलें. पण शाळेच्या पटांगणांत मिटलें नाहीं. माझ्या ओळखीच्या एका घरांतला मुलगा एके दिवशीं शाळेंतून रडत आला. त्याच्या आडनांवावरून पोरें त्याला 'फितूर, फितूर' म्हणून चिडवीत होतीं. संध्याकाळीं त्यानें मला विचारलें, "काका, आमचे पूर्वज खरेंच राजाला मारायला निघाले होते काय? आणि निघाले असले, तर मी काय करूं?"

त्याचें आडनांव मी येथें सांगणार नाहीं. तें सांगितलें, तर तुमच्यांतले निम्मे लोक त्याची जात शोधावयास लागतील आणि माझें बोलणें तिथेंच संपेल. परंतु त्या पोराच्या प्रश्नाला चार माणसांत उत्तर द्यावयाचें मी ठरविलें आणि त्यासाठींच आज उभा आहें. संभाजी महाराजांच्या विरुद्ध कट झाले हें खरें. ते फसले हेंही खरें. ते कोणीं केले, कां केले, कोणामुळें फसले आणि फसल्यानंतर काय झालें, हें मी कागदाला धरून सांगणार आहें. मनाला रुचेल तेवढेंच सांगावयाचें असतें, तर मीही बोलपटच काढला असता.

प्रथम काळ ध्यानांत घ्या. शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजीं रायगडावर वारले. थोरले पुत्र संभाजीराजे त्या वेळीं तेवीस वर्षांचे होऊं घातले होते आणि पन्हाळ्यावर होते. धाकटे राजाराम दहा वर्षांचे, आईजवळ रायगडावर. आई सोयराबाईसाहेब, तळबीडच्या मोहित्यांची लेक. महाराजांनीं वारसाची व्यवस्था लावून ठेविली नव्हती. जाणता राजा गेला, गडावर कारभारी मंडळी आणि एक लहान मूल. दुसऱ्या गडावर तरणाबांड, तापट, कारभाऱ्यांशीं ज्याचें कधीं पटलें नाहीं असा युवराज. कटाचें बीं पडावयास आणखी काय पाहिजे?

कारभाऱ्यांत मुख्य कोण? पेशवे मोरोपंत पिंगळे आणि सुरनीस अण्णाजी दत्तो. अण्णाजीचें नांव घेतलें कीं आपण दांतओठ खातों. पण हा माणूस आमच्या मुलखाला परका नव्हता. दक्षिण कोंकणचा कारभार महाराजांनीं त्याच्याकडेच दिला होता. राजापूर, कुडाळ, बांदें हा सगळा टापू त्याच्या नजरेखालीं होता. १६७३ सालीं पन्हाळा घेतला, त्या कामगिरींत कोंडाजी फर्जंदाबरोबर तो होता. काठीनें जमीन मोजून, पिकाचा अंदाज घेऊन धारा ठरवावयाची जी पद्धत स्वराज्यांत पडली, तींत त्याचा हात मोठा होता. देशमुख-देसायांच्या मनमानी वसुलीपासून रयतेची थोडीफार सुटका झाली ती त्या मोजणीनें. म्हणून कटवाले म्हणजे जन्मतःच दुष्ट, शिंगें असलेले लोक होते, ही समजूत सोडून द्या. हीं कर्तबगार माणसें होतीं. कर्तबगार माणसेंच कट करूं शकतात. नालायकांच्यानें तो होत नाहीं.

मग त्यांनीं हें कां केलें? त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे बापावर रुसून मोंगलांच्या दिलेरखानाकडे गेले होते. वर्षभरानें परत आले. पण गेले होते हें खरें. त्यामुळें, हा पोरगा उद्यां राज्य बुडवील, असें कारभाऱ्यांना म्हणतां येत होतें आणि तें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें. परंतु बंधूंनो, मनुष्य जें कारण सांगतो तेंच त्याचें कारण असतें असें नाहीं. राजा दहा वर्षांचा असला म्हणजे राज्य कोण करतो? शिक्का कोणाच्या हातीं राहतो? वसूल कोण मोजतो? अज्ञान मूल गादीवर म्हणजे कारभाऱ्यांचें राज्य. शिवाजी महाराजांनीं आपल्या हयातींत कारभाऱ्यांना डोईजड होऊं दिलें नाहीं. तो वचक गेला आणि वर्षानुवर्षें दाबून ठेवलेली हांव वर आली. स्वराज्य राखावयाचें हें बोलणें झालें. आपलें आसन राखावयाचें हा हेतु होता.

आतां पहिला कट. महाराज वारल्याची बातमी युवराजाला कळवावयाची नाहीं, असें रायगडावर ठरलें. २१ एप्रिल १६८० रोजीं, म्हणजे महाराजांना जाऊन अठरा दिवस होतात न होतात तोंच, राजारामाला मंचकावर बसविण्यांत आलें. पन्हाळ्यावर संभाजीराजांना अडकवून ठेवा, अशा अर्थाचीं पत्रें तिकडच्या अधिकाऱ्यांकडे गेलीं. मागोमाग मोरोपंत आणि अण्णाजी स्वतः पन्हाळ्याकडे निघाले. पत्रें संभाजीराजांच्या हातीं पडलीं आणि त्यांनीं पन्हाळा आपल्या ताब्यांत घेतला. तरी सगळी भिस्त एका माणसावर होती: सरसेनापति हंबीरराव मोहिते. फौज त्याच्या हातीं. तो सोयराबाईंचा सख्खा भाऊ. ज्याच्या भाच्याला गादी मिळते आहे, तो आपल्याला सोडून कोठें जाणार, हा कारभाऱ्यांचा हिशेब होता.

तो हिशेब चुकला. भाचा गादीवर आणि बहीण राजमाता, असें ताट वाढून समोर ठेवलेलें असतां हंबीररावानें तें दूर सारलें. औरंगजेब केव्हांही दक्षिणेंत उतरेल, अशा वेळीं राज्याला दहा वर्षांचें मूल नको, तलवार धरणारा पुरुष पाहिजे, हें त्या शिपाईगड्याला दिसलें. त्यानें मोरोपंताला आणि अण्णाजीला धरलें आणि पन्हाळ्यावर संभाजीराजांपुढें आणून उभें केलें. १८ जून १६८० रोजीं संभाजीराजे रायगडावर पोंचले. पहिला कट असा फसला. तो कवायतीनें फसला नाहीं, चमत्कारानें फसला नाहीं. एका माणसानें आपल्या घराच्या फायद्यापेक्षां राज्याचा फायदा मोठा मानला, म्हणून फसला. आमच्या गांवच्या निवडणुकींत भाच्यासाठीं मत मागत फिरणारे मामा पाहिले म्हणजे मला हंबीरराव आठवतो.

आणि त्या 'क्रूर' संभाजीनें कटवाल्यांचें काय केलें? कैदेंत ठेविलें आणि मग सोडून दिलें. थोड्याच महिन्यांत मोरोपंत वारले, तेव्हां त्यांची पेशवाई त्यांच्याच मुलाला, निळोपंताला दिली. अण्णाजीला मोकळें करून पुन्हां अधिकारावर घेतलें. १६ जानेवारी १६८१ रोजीं राज्याभिषेक झाला. बापाविरुद्ध शस्त्र न उचलतां केवळ संशय आला म्हणून डोळे काढणाऱ्या बादशहांच्या त्या काळांत, आपल्याला कैद करावयास निघालेल्या माणसाला परत दफ्तर सोंपविणारा राजा विरळा. ही क्षमा ध्यानांत ठेवा. पुढें ती बखरींत सांपडणार नाहीं.

दुसरा कट १६८१ च्या पावसाळ्यांतला. याची हकीकत मुंबईच्या इंग्रज व्यापाऱ्यांनीं सुरतेस पाठविलेल्या त्या वेळच्या पत्रांत आहे. इंग्रज कांहीं आमचे सोयरे नव्हेत; त्यांना आपल्या व्यापाराची काळजी, म्हणून ते राजाच्या जिवाची बातमी ठेवीत. त्यांनीं लिहिलें तें असें: राजाला माशाच्या कालवणांतून विष घालण्याचा बेत झाला. एका लहान पोरानें तो फोडला. तेव्हां राजानें तें अन्न एका चाकराला आणि एका कुत्र्याला घालावयास लावलें. दोघेही कांहीं तासांत मेले. त्यानंतर अण्णाजीपंत, प्रल्हादपंत आदि मंडळींना बेड्या पडल्या.

मंडळी, ही गोष्ट मीं प्रथम वाचली तेव्हां राजा वांचला म्हणून मला आनंद झाला आणि मीं पान उलटलें. पुष्कळ दिवसांनीं पुन्हां वाचली तेव्हां पान उलटवेना. आपण किनाऱ्यावरचीं माणसें. मासळी आपल्या रोजच्या ताटांतली. त्या ताटापाशीं कोण कोण होतें पहा. विष घालणारे होते, त्यांचीं नांवें इतिहासांत आहेत. ज्याच्यासाठीं घातलें तो छत्रपति, त्याचें नांव अजरामर आहे. ज्यानें राजाचा जीव वांचविला तें पोर कोणाचें? आचाऱ्याचें, भांडीं घासणाऱ्याचें कीं पाणक्याचें? त्याचें नांव कोणींही लिहून ठेविलें नाहीं. आणि तो चाकर? त्यानें कोणाचें काय केलें होतें? कुत्र्याच्या जोडीला बसवून त्याला विष चारलें आणि पत्रांत त्याच्यापुढें 'एक' एवढाच शब्द आला. एक चाकर, एक कुत्रा.

मी संभाजी महाराजांचा भक्त आहें. पण जो भक्त म्हणून खोटें बोलतो, तो भक्त नव्हे, भाट. त्या दिवशीं महाराजांनीं केलें तें त्या काळचे सगळे राजे करीत असत. तरीही तें चांगलें नव्हतें. राजाविरुद्धचा कट फसतो तेव्हां त्याची किंमत भलत्याच कोणीतरी गरीबानें मोजलेली असते. जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला, तेव्हांपासून आम्ही बहुजनसमाजाचा इतिहास लिहा, लिहा म्हणून ओरडतों आहोंत. तो इतिहास केवळ आमच्या आडनांवांचे सरदार शोधून काढण्यानें होत नाहीं. तें पोर आणि तो चाकर ज्या दिवशीं आम्हांला आपले वाटतील, त्या दिवशीं तो सुरू होईल.

तिसरा कट त्याच पावसाळ्यांतला, आणि त्यानें मात्र सगळ्यांचा निकाल लावला. औरंगजेबाचा मुलगा शहाजादा अकबर यानें १६८१ च्या जानेवारींत राजपुतान्यांत बापाविरुद्ध बंड केलें. तें फसलें. मग दुर्गादास राठोडाबरोबर मूठभर स्वारांनिशीं पळत पळत तो जूनमध्यें सुधागडाजवळ पालीच्या मुलखांत येऊन पोंचला. संभाजीराजांनीं त्याला आसरा दिला. कटवाल्यांना वाटलें, हें घबाड चालून आलें. बादशहाचा मुलगा, आज ना उद्यां दिल्लीच्या तख्ताचा धनी. याच्या बळावर संभाजीला दूर करूं. त्यांनीं त्याच्याशीं संधान बांधलें. अण्णाजी, त्याचा भाऊ सोमाजी, हिरोजी फर्जंद, चिटणीस बाळाजी आवजी, आणि पाठीमागें सोयराबाई, अशीं नांवें यांत येतात.

अकबरानें तें संधान संभाजीराजांना कळवून टाकलें. येथेंही भाबडेपणा नको. शहाजादा सत्यवचनी हरिश्चंद्र होता म्हणून त्यानें हें केलें असें नव्हे. तो स्वतः पळून आलेला आश्रित. ज्याच्या घरांत निजावयाचें त्याचाच गळा कापला, तर उद्यां आपल्याला थारा कोण देणार, एवढें त्याला आणि दुर्गादासाला समजत होतें. आपल्याहून बलवान धनी शोधावयास निघालेल्या कारभाऱ्यांना एवढें दिसलें नाहीं कीं आपण ज्याच्या दारीं जात आहों तोच भिकेला लागला आहे. परक्याच्या बळावर घरचा तंटा सोडवूं पाहणाऱ्यांचें नेहमीं असेंच होतें.

या वेळीं क्षमा झाली नाहीं. त्याच वर्षीं अण्णाजी, सोमाजी, हिरोजी, बाळाजी आवजी यांना हत्तीच्या पायीं देऊन ठार मारलें. ज्या हिरोजीनें आग्र्यास शिवाजी महाराजांच्या बिछान्यावर निजून महाराजांना निसटावयास वेळ दिला, असें सभासद सांगतो, तोच हा हिरोजी. बाळाजी आवजीला त्याच्या घराण्याची परंपरा निर्दोष मानते. मोठ्यांनीं दाबून त्याच्याकडून पत्र लिहवून घेतलें, असें तिचें म्हणणें. लेखणी चालविणाऱ्याचा दोष किती आणि चालवावयास लावणाऱ्याचा किती, हा विचार महाराजांनीं त्या संतापांत केला नसेल. ऑक्टोबरांत सोयराबाईही वारल्या. कट संपला.

आतां आपल्या मुलखाशीं याचा धागा जोडून देतों. ज्या शहाजाद्यानें कट उघडकीस आणला, तो पुढें इकडेच आला. बांदें आणि डिचोली या भागांत त्याचा मुक्काम होता. पोर्तुगीजांकडून गलबत मिळवून परदेशीं निघून जावें अशी त्याची खटपट चालली होती. १६८३ च्या अखेरीस तो वेंगुर्ल्याहून निघावयाच्या बेतांत होता. महाराजांच्या वतीनें कवि कलश आणि दुर्गादास यांनीं त्याला समजावून परत आणला. पुढल्याच जानेवारींत त्याचा भाऊ शहाआलम मोठी मोंगल फौज घेऊन रामघाटानें कोंकणांत उतरला आणि उपासमारीनें हैराण होऊन त्याच घाटानें परत गेला. अकबर शेवटीं १६८७ च्या फेब्रुवारींत राजापुराहून एका इंग्रज कप्तानाच्या गलबतांतून इराणला निघून गेला. म्हणजे दिल्लीच्या तख्ताचें आणि रायगडच्या गादीचें राजकारण आपल्या याच वाटांवरून, याच बंदरांतून गेलें आहे. आम्हांला मात्र रायगड लांबचा वाटतो आणि इतिहास दुसऱ्यांचा.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतों. कट कोणत्या जातीचा होता? मोजून पाहूं. मोरोपंत आणि अण्णाजी ब्राह्मण. बाळाजी आवजी प्रभु. सोयराबाई आणि हिरोजी मराठा. आतां कट मोडणारे मोजा. हंबीरराव मराठा, तोही राजमातेचा भाऊ. दुर्गादास राजपूत. अकबर मुसलमान, तोही औरंगजेबाचा मुलगा. महाराजांच्या शेवटल्या क्षणापर्यंत त्यांच्याबरोबर राहिलेला आणि औरंगजेबाच्या छावणींत हाल सोसून मेलेला कवि कलश उत्तरेकडला ब्राह्मण. आणि ज्याला पेशवाई दिली तो निळोपंत कटवाल्या मोरोपंताचा मुलगा. तेव्हां एका जातीनें द्रोह केला आणि दुसरीनें निष्ठा पाळली, असें म्हणणाऱ्यानें कागद पाहिलेले नाहींत, किंवा पाहून लपविलेले आहेत. मग तो आमच्या बाजूचा असो वा त्यांच्या.

कटवाल्यांना एकत्र कशानें बांधलें होतें? जातीनें नव्हे, अधिकारानें. दफ्तर माझें, शिक्का माझा, गडाची किल्ली माझी, तेव्हां राजाही माझ्या सोयीचा पाहिजे, ही ती भावना. अधिकार हा रयतेनें सोंपविलेला विश्वास आहे, बापजाद्यांचें वतन नव्हे, हें ज्याला कळत नाहीं तो कोणत्याही जातीचा असो, त्याच्या घरांत कट शिजतो. आज राजा नाहीं. राज्य लोकांचें झालें आहे. पण सोसायटीच्या कपाटाची किल्ली कंबरेला अडकवून बसणारे, सभा न भरवतां ठराव लिहिणारे, बातमी दाबून ठेवून मग सह्या घेणारे आपण पाहिले नाहींत काय? अण्णाजी दत्तो वारला आहे; त्याची युक्ति वारलेली नाहीं.

रक्ताची गोष्ट निघाली म्हणून बाळाजी आवजीच्या मुलाची गोष्ट ऐका. त्याचें नांव खंडो बल्लाळ. बाप हत्तीच्या पायीं गेला. परंपरा सांगते कीं येसूबाईसाहेबांनीं या मुलांना पोटाशीं धरलें आणि चिटणिशी त्या घरांत राहिली. दोन वर्षांनीं, १६८३ च्या नोव्हेंबरांत, पोर्तुगीज विजरई फोंड्याच्या वेढ्यांतून मार खाऊन परतला आणि मराठ्यांनीं तिसवाडींतलें सांत इस्तेव्ह, म्हणजे जुवें बेट, रातोरात घेतलें. विजरई तें सोडवावयास आला, जखमी झाला, पळत सुटला. त्याच्या पाठलागांत महाराजांनीं घोडा पाण्यांत घातला. तेव्हां भरती चढत होती.

आरोंद्याच्या माणसाला भरतीचें पाणी समजावून सांगावयास नको. आपल्या तेरेखोलच्या खाडींत ओहोटीला चिखल दिसतो आणि घटकाभरानें तेथेंच पुरुषभर पाणी होतें. तशा पाण्यांत महाराजांचा घोडा ओढला जाऊं लागला. त्या वेळीं ज्यानें उडी घालून लगाम धरला आणि राजाला कांठाला आणलें, तो खंडो बल्लाळ. चिटणीस घराण्यानें ही आठवण जपून ठेविली आहे. ज्याच्या हुकुमानें बाप गेला, त्याचा जीव त्या पोरानें वांचविला. पुढें राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यांतून निसटले, तेव्हां वाट मोकळी व्हावी म्हणून यानेंच आपलें दाभोळचें वतन शिर्क्यांना देऊन टाकलें, असेंही सांगतात. आणि विषाच्या प्रकरणीं ज्या प्रल्हादपंताला बेडी पडली होती, तो प्रल्हाद निराजीच जिंजीला राजाराम महाराजांचा प्रतिनिधि होऊन बुडतें राज्य सांवरीत होता. आतां सांगा, फितुरी रक्तांतून उतरते काय?

येथवर मीं तीन कट सांगितले आणि तिन्ही फसले म्हणून सांगितलें. पण एक चौथा झाला, आणि तो मात्र दीडशें वर्षें फसला नाहीं. तो तलवारीचा नव्हता, विषाचा नव्हता. तो शाईचा होता.

संभाजी महाराजांना १६८९ च्या ११ मार्च रोजीं औरंगजेबानें हाल हाल करून मारलें. त्यानंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, सातारच्या छत्रपतींच्या पदरीं असलेल्या मल्हार रामराव चिटणिसानें बखर लिहिली. हा बाळाजी आवजीचाच वंशज. ज्या घरचा कर्ता पुरुष राजानें हत्तीखालीं घातला, त्या घरानें राजाचें चित्र रंगविलें. तें कसें उतरलें असेल? व्यसनी, लहरी, क्रूर, कलुषाच्या नादीं लागलेला संभाजी महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचला तो या बखरीच्या वाटेनें. पुढें नाटकवाले आले. 'राजसंन्यास', 'बेबंदशाही' यांनीं तोच रंग रंगभूमीवर गडद केला आणि आमच्याच लोकांनीं तिकिटें काढून टाळ्या दिल्या.

त्या बखरींतला एकच आरोप तपासून दाखवितों. रायगड हातीं येतांच संभाजीनें सावत्र आईला भिंतींत चिणून मारलें, असें ती सांगते. अंगावर कांटा आणणारी गोष्ट; पिढ्यान् पिढ्या लोकांनीं खरी मानली. पण कागद काय म्हणतो? महाराज रायगडावर आले १६८० च्या जूनमध्यें. सोयराबाई वारल्या १६८१ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे सोळा महिन्यांनीं. भिंतींत चिणलेलें माणूस सोळा महिने जगतें काय? आणखी पुढें ऐका. २४ ऑगस्ट १६८० रोजीं महाराजांनीं आपल्या कुडाळच्या नामदेवभट्ट बाकरे यांना एक संस्कृत दानपत्र दिलें. त्यांत सोयराबाईंचा उल्लेख आहे आणि त्यांचें अंतःकरण स्फटिकासारखें निर्मळ असल्याचें म्हटलें आहे. ज्या बाईनें चार महिन्यांपूर्वीं गादी हिसकावून घेण्यांत हात घातला, तिच्याबद्दल राजा असें लिहवितो. दोष कारभाऱ्यांचा, आईचा नव्हे, असें मानतो. हा राजाचा मोठेपणा कीं तिला चुचकारण्याची मुत्सद्देगिरी, तें तुम्ही ठरवा. पण भिंत मात्र पडली. आणि ती पाडणारा कागद कोणाच्या घरचा? आपल्या कुडाळच्या.

हें काम कोणीं केलें? वासुदेव सीताराम बेंद्रे यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें देशोदेशींचीं दफ्तरें धुंडाळून १९६० सालीं संभाजी महाराजांचें साधार चरित्र छापलें. १९७१ सालीं डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ आला. आडनांवावरून माणसें मोजणाऱ्या माझ्या मित्रांना मी मुद्दाम सांगतों: आमच्या छत्रपतीच्या नांवावरची काजळी पुसावयाला गोखले आडनांवाची एक बाई दफ्तरांत बसली होती, तेव्हां आम्ही काय करीत होतों? आम्ही जयंतीची वर्गणी जमवीत होतों. वर्गणी जमवा, मिरवणूक काढा, माझी ना नाहीं. पण मिरवणूक संध्याकाळीं संपते आणि छापलेलें पान राहतें. बखरीला उत्तर दगडानें देतां येत नाहीं. तें कागदानेंच द्यावें लागतें.

आमच्या चळवळीचे वडीलधारे शिका, शिका म्हणून घसा कोरडा करीत ते नोकरीसाठींच नव्हे. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याचा राजा दुसरा रंगवितो, त्याचा बाप दुसरा रंगवितो आणि शेवटीं त्याच्या मुलालाही दुसराच रंगवितो. पूर्वीं बखरकारानें राजाला बदनाम केलें, तें आपण आंधळेपणानें मानलें. आज बोलपटवाला एखाद्या घराण्याला बदनाम करील, तेंही आंधळेपणानें मानलें तर आपण सुधारलों कोठें? सूड फक्त उलट दिशेनें फिरला. तेव्हां मोडी शिका. गांवांत जुन्या घरांच्या माळ्यावर कागद असतील, ते वाळवीला घालूं नका, लग्नांत चूल पेटवावयास घेऊं नका. बाकऱ्यांच्या घरीं दानपत्र जपलें नसतें, तर ती भिंत अजून उभी असती.

शेवटीं त्या मुलाला काय सांगितलें तें सांगून बसतों. मीं त्याला म्हटलें, "बाळ, तुझे पूर्वज त्या कटांत होते कीं नाहीं, हें मी आडनांवावरून सांगूं शकत नाहीं आणि तुझ्या शाळेंतलीं पोरेंही सांगूं शकत नाहींत. पण समज, होते. तरी काय? खंडो बल्लाळाचा बाप कटांत धरला गेला. मुलानें पाण्यांत उडी घेतली. तुझ्या अंगांत कोणाचें रक्त आहे हें कोणी विचारील, तर त्याला विचार, भरती चढेल तेव्हां तूं उडी घेशील काय?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, आणि तें माशाचें सांगणारें पोर? त्याचें नांव काय होतें?"

मीं सांगितलें, तें कोणीं लिहिलें नाहीं. तो म्हणाला, "मग तें पोर कोणाचेंही असूं शकेल."

बंधुभगिनींनो, माझें पुष्कळ वाचन झालें आहे. पण हें मला सुचलें नव्हतें. तें पोर कोणाचेंही असूं शकेल. आपल्यांतल्या प्रत्येकाच्या घरचें असूं शकेल. ताटांत विष आहे हें दिसल्याबरोबर तोंड उघडणारें पोर आपल्या घरांत वाढतें आहे कीं नाहीं, एवढें प्रत्येकानें घरीं जाऊन पाहावें.